मामंजींचं चिपटं

कोंबड्यांना किती खायला घालायचं हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. मी गिरगावातून आलेली. माझ्या माहेरी अंडंसुद्धा कागदात गुंडाळून, शेजाऱ्यांची नजर चुकवून घरात यायचं. कोंबडी म्हणजे अंगणात घाण करणारा प्राणी, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे भांडुपच्या आमच्या बैठ्या चाळीत मामंजी एके दिवशी टोपलीतून सहा पांढऱ्या तलंगा घेऊन आले, तेव्हा माझं डोकं सणकलं. तलंग म्हणजे तरणी कोंबडी, अजून अंड्यावर न आलेली. त्या दिवशी मी भांडी जरा जोरात घासली.

मामंजींचा जन्म परळच्या गिरणीत गेला, सुताच्या वजनाच्या काट्यावर. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. मामंजी रिटायर झाले त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याला भांडुपच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिघं इकडे आलो. तेव्हा भांडुप म्हणजे एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरं, नि मध्ये आमच्यासारखी चार माणसं. पहिलं वर्ष मामंजी नुसते भिंतीकडे बघत बसून राहायचे. हाक मारली तर ओ द्यायचे, वाढलं तर जेवायचे. परळला त्यांना उभी चाळ ओळखायची, इथे कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. तलंगा आल्या आणि हा माणूस उठला. खोक्याच्या फळ्या ठोकून मागच्या परसात त्यांनी स्वतः खुराडं बांधलं. सकाळी माझ्याआधी उठून शीळ घालायला लागले. मग मीही माझा राग गिळला. अंगण झाडायला काय, मरत नाही कोणी.

सासूबाईंच्या वेळचं एक पितळी चिपटं होतं, जुनं पावशेरी माप. ते मामंजींनी स्वयंपाकघरातून उचललं आणि दाण्याच्या डब्यावर ठेवलं. सकाळी एक चिपटं भरडा, संध्याकाळी एक चिपटं अख्खी ज्वारी. वर शीग ठेवायची नाही. बोट फिरवून सपाट करायचं, मगच घालायचं. बाकीचं त्यांनी परसात उकरून खावं. त्या चिपट्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा मी घाईत ते तांदळात घातलं तर म्हणाले, "ठेव ता थंय. ता तलंगांचा आसा."

एक दिवस मी विचारलं, एवढ्या कलकलाट करतात, पायात येतात, घातला जरा जास्त तर काय होईल. त्यांनी मला खाली बसवलं. एक तलंग काखेत धरली आणि तिच्या पोटाखाली माझी बोटं नेऊन दाबून दाखवलं. इथे चरबी धरली, की अंडं यायच्या वाटेवरच अडकतं. जास्त खाल्लं, की अंग तयार नसताना लवकर अंड्यावर येते आणि जीव जातो. तुरा लाल व्हायला लागला, हात पुढे केल्यावर दबून बसायला लागली, की मग हळूहळू दाणा वाढवायचा. त्याआधी नाही.

"मागतत म्हणान घालूचा नसता, सूनबाय," ते म्हणाले. "पोट भरला का नाय, ता त्येंका कळणा नाय. ता आपण बघूचा."

"मग मलाही असंच मापानं का नाही वाढू देत, मामंजी?"

"तू अंडी घालतंस?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघंही हसलो. सासऱ्यासमोर त्या काळी असं हसत नसत सुना. आमच्यात चालायचं.

पहिल्यांदा मला संशय आला तो चिमण्यांमुळे. दुपारी बघावं तर दाण्याची परात अर्धी भरलेली, चिमण्या नि कावळे तुटून पडलेले, आणि तलंगा बाजूला सुस्त बसलेल्या. सकाळचा भरडा दुपारपर्यंत उरतो म्हणजे काय? मला वाटलं, आजारी पडल्या. मामंजींना म्हटलं तर तेही काळजीत पडले. मग एक दिवस मी निवडायचे तांदूळ घेऊन मागच्या दारात बसले होते. मामंजी दुपारचा चहा पिऊन आले, डबा उघडला, चिपटं भरलं, बोट फिरवून सपाट केलं, आणि परातीत घातलं. सकाळीच त्यांनी माझ्यासमोर घातलं होतं. त्याच परातीत, त्याच हाताने.

"मामंजी, झालं की सकाळी."

"काय झाला?"

"दाणा घालून. तुम्हीच घातलात."

ते माझ्याकडे बघून हसले. "मस्करी करतंस माझी?" म्हणाले आणि आत गेले. मी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. हसणं खरं होतं. त्यांना खरंच वाटलं होतं की सून चेष्टा करते आहे.

त्यानंतर मी पाळतीवर राहिले. कधी दोनदा, कधी तीनदा, कधी चारदा. प्रत्येक वेळी सपाट चिपटं, शीग अजिबात नाही. मापात तीळभर चूक नव्हती. फक्त घातलं होतं हेच आठवत नव्हतं. दुसऱ्यांदा मी सांगायला गेले तेव्हा ते हसले नाहीत. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "आयुष्यभर काट्यार उभो ऱ्हवलंय," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी माझ्या हातचं वरण घेतलं नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. तो माणूस मुळात मऊ, त्यात बापाचा एकुलता एक. "त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं," तो म्हणाला. "आपल्या घरात नाही चालत ते. बाबांच्या काट्यावर गिरणीतला साहेबसुद्धा बोट ठेवत नव्हता. आता सुनेनं सांगायचं, तुमचं डोकं चालत नाही?"

"अहो, मग कोंबड्या मरू द्यायच्या?"

"कोंबड्यांचं सोड गं," तो म्हणाला.

पण कोंबड्यांचं सोडून कसं चालेल? त्या होत्या म्हणून ते सकाळी उठत होते. ते काम त्यांच्या हातून काढून घेतलं असतं, तर परत भिंत होतीच. काम राहू दिलं तर तलंगा जाणार, आणि तलंगा गेल्या की कामही जाणार. मी रोज भाकरी थापता थापता हाच हिशेब मांडायची आणि रोज तव्यावरची भाकरी करपायची.

डबा लपवून पाहिला. मामंजी शेजारच्या काकूंकडे गेले आणि वाटीभर ज्वारी मागून आणली. झालं, चाळीत बोभाटा. म्हाताऱ्याच्या मुक्या जनावरांना सून दाणा घालू देत नाही. काकू स्वतः मला सांगायला आल्या, वर परत, "मी आपलं तुझ्या कानावर घातलं." मी म्हटलं, बरं केलंत. आणखी काय म्हणणार? सांगायचं तर मामंजींचं बिंग फुटतं, न सांगावं तर मी कैकेयी. डबा परत जागेवर ठेवला.

मग भरड्यात गव्हाचा कोंडा आणि भाताचं तूस मिसळून पाहिलं, म्हणजे पोट भरेल पण चरबी धरणार नाही. तलंगांनी चोचीने तूस बाजूला उडवलं आणि दाणा तेवढा वेचून खाल्ला. मग मामंजींनी दाणा घातला, की मी हळूच जाऊन परातीतला काढून आणायची. तेही चाललं थोडे दिवस. पण मला धुणं होतं, पाणी भरायचं होतं, आमच्या चाळीचा नळ कुणासाठी थांबत नव्हता.

शेवटी नवऱ्याने डोकं लढवलं. कारखान्यातून तो पितळेच्या पातळ पत्र्याची एक गोल चकती कापून, घासून घेऊन आला आणि चिपट्यात मध्यावर घट्ट बसवली. तळ वर आला. आता चिपटं भरलं तरी पूर्वीच्या निम्माच दाणा मावणार. वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. तो इतका खूश होता, की मला उलटसुलट करून दाखवत होता. मलाही वाटलं, सुटलो बुवा. दोनदा घातलं तरी एकाचंच होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी चिपटं भरलं, बोट फिरवलं, आणि हातातच धरून उभे राहिले. मी मागच्या दारात होते. त्यांनी चिपटं जरा वर-खाली केलं, हातावर तोललं. परत ओतलं, परत भरलं, परत तोललं. मग वळून मला म्हणाले, "ह्येच्यात खोट आसा."

आपण दोन तासांपूर्वी काय केलं हे ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या तळव्याला मात्र पाव शेराचं वजन पक्कं आठवत होतं. चकती त्यांना दिसली नाही. नजर अधू झाली होती. त्यांनी आमच्यावर संशयही घेतला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. त्यांना वाटलं, माप झिजलं, चेपलं, जुनं झालं. आणि इतके दिवस आपण त्या मुक्या जिवांना कमी घालत होतो, उपाशी ठेवत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पापी आसंय मी," म्हणाले आणि भरपाई म्हणून आणखी दोन चिपटी परातीत ओतली.

त्या दिवसापासून ते प्रत्येक वेळी दुप्पट घालायला लागले. संध्याकाळी नवऱ्याने गुपचूप चकती काढून टाकली. पण मापात खोट आहे हे मात्र मामंजींच्या डोक्यात पक्कं बसलं. सगळं विसरत होते, तेवढं एक विसरले नाहीत. आमच्या शहाणपणाची वाट लागली ती अशी.

तलंगा गोल गोल झाल्या. एकीचा तुरा एकदम लालभडक झाला, अजून दिवस भरायचे असताना. मामंजी हरखले. चाळभर सांगत सुटले, आता अंडं देणार. पहिलं अंडं सूनबाईला, असंही म्हणाले. मी पोटाखाली बोटं घालून पाहिलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं. बोटं चरबीत रुतली. मी हात पदराला पुसला.

मग एका सकाळी ती तलंग कोपऱ्यात फुगून बसली. उठायची, ताण द्यायची, परत बसायची. मामंजींनी तिला मांडीवर घेतलं. मला गरम पाणी आणायला सांगितलं, खोबरेल आणायला सांगितलं. त्यांचा हात इतका हलका चालत होता, की मला वाटलं वाचवतील. काय करायचं ते सगळं त्यांना माहीत होतं. शेकलं, तेल लावलं, पोट चोळलं. अंडं आलं नाही. अंग बाहेर आलं. दुपारपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच गेली. नवरा सुट्टीचा म्हणून घरी होता, तोही येऊन उभा राहिला.

मामंजींनी तिचं पोट दाबून पाहिलं. मग दुसऱ्या दोघींचं पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"चरबी धरल्यानी," ते म्हणाले. "कोणी घातलो एवढो दाणो?"

आम्ही दोघं उभे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत राहिला. परात शेजारीच होती, भरलेली, त्यांनीच थोड्या वेळापूर्वी भरलेली. मला असं वाटलं की ओरडावं, तुम्ही घातलात, तुम्ही, तुमच्या ह्याच हातांनी. पण त्या मांडीवरच्या पांढऱ्या पिसांकडे बघून तोंडच उघडेना. ते माझ्याकडेच बघत होते. घरात दुसरं होतं कोण?

"मी घातला," मी म्हटलं. "मागत होत्या म्हणून."

"तुका सांगितलेलंय ना गो?" ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी सोसलं असतं. "मागतत म्हणान घालूचा नसता."

"चुकलं, मामंजी."

त्यांनी मान हलवली. मला माफ केलं त्यांनी. ती माफी मला अजून टोचते, इतकी वर्षं झाली तरी, कारण ती परत करायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी नवरा जेवला नाही. मी पण त्याला आग्रह केला नाही. त्याच्यावर मला भयंकर राग आला होता, आणि काय करणार होता तो बिचारा, हेही कळत होतं.

आणखी एक तशीच गेली. मग काकूंनी उरलेल्या चौघी आपल्या मुलुंडच्या बहिणीकडे पोचवल्या. एव्हाना त्यांना सगळं कळून चुकलं होतं, चाळीलाच कळलं होतं. तिकडे महिन्या-दोन महिन्यांत त्या रोडावल्या, ठीक झाल्या आणि चांगल्या अंड्यावर आल्या. काकूंनी एकदा त्यातली अंडी आणून दिली. मी अंड्याची पोळी करून मामंजींना वाढली. त्यांनी खाल्ली, आणि अंडं कुठलं हे विचारलं नाही.

तलंगा कुठे पाठवल्या हे मामंजींना आम्ही सांगितलं नव्हतं. कधी त्यांना आठवायचं, की तलंगा गेल्या, आणि ते दिवसभर बोलायचे नाहीत. कधी आठवायचं नाही, आणि ते चिपटं घेऊन रिकाम्या खुराड्यापर्यंत जायचे, थोडा वेळ उभे राहायचे, परत यायचे. त्यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता आलं नाही.

आणि मग ते जेवण विसरायला लागले. जेवायला नव्हे, जेवलेलं विसरायला लागले. ताटावरून हात धुऊन उठायचे, ओटीवर जाऊन बसायचे, आणि घटकाभराने आत येऊन विचारायचे, आज जेवण नाय काय? सुरुवातीला मी परत वाढलं. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? भाताला ना म्हणणारी सून होऊन कुठे तोंड दाखवू? ते दुसऱ्यांदा जेवले, मग तिसऱ्यांदा मागितलं. रात्री उलट्या झाल्या. पोट फुगून कळा यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, म्हातारचळ आहे, याला औषध नाही. मात्र पोटाला जपा, मागतील तेवढं देऊ नका, नाहीतर एक दिवस ह्यातच जातील.

मग ते काकूंकडे गेले. "सून माका उपाशी ठेयता," असं सांगितलं. काकूंना खरं काय ते माहीत होतं, तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ताट वाढून आणलं. मी दारातच अडवलं. "काकू, हात जोडते, आत्ता जेवलेत ते," मी म्हटलं. मामंजी माझ्या मागे उभे होते. ते ताट परत जाताना त्यांनी असं बघितलं, की मला माझ्या हातांचीच किळस आली. पण काय करणार होते मी, सांगा ना? वाढलं तर मारते, नाही वाढलं तर छळते.

एक दुपार मला आठवते. नुकतेच जेवले होते, वाल नि भात, पोटभर. मी भांडी घासून उठत होते तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. हातात स्वतःची थाळी, फळीवरून घेतलेली, कोरडी. "भूक लागली गो," म्हणाले. आवाज लहान झाला होता त्यांचा. मी नेहमीचं सांगितलं, मामंजी, झालं की जेवण. ते हलले नाहीत. आता हसायचे नाहीत ते, रागवायचे पण नाहीत. नुसते उभे राहायचे, पायात येऊन. माझ्या जिभेवर त्यांचंच वाक्य आलं होतं. ते मी गिळलं. समोर टोपात भात होता, दिसत होता त्यांना.

मी काही वाढत नाही असं बघून त्यांना काय वाटलं देव जाणे. त्यांनी थाळी खाली केली आणि जरा ओशाळून म्हणाले, "आदी तलंगांका घाल. मी थांबतंय."

मी चिपटं उचललं. पहिल्यांदाच त्यांनी ते मला घेऊ दिलं. मागच्या दाराने परसात गेले. खुराड्यात गवत उगवलं होतं, दार एका बिजागरीवर लोंबत होतं. मी तिथे रिकामं चिपटं हातात धरून उभी राहिले, डोळे पुसले, आणि परत आले.

"घातलंस?"

"घातला, मामंजी."

"पोटभर?"

"नाही," मी म्हटलं. "मापानंच. बोट फिरवून."

"मगे बरा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला. मग ते थाळी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले, आता आपल्याला वाढतील म्हणून.